सराव सामन्यात केलेलं कौतुक

कुमुदकाकू,

आपल्या बास्केटबॉल टीमचा शेवटचा सराव सामना काल झाला. जिंकलो. म्हणजे तुमच्या मते काहीच झालं नाही.

पुढच्या आठवड्यात खरा सीझन. हॉलच्या फाटकावर नवे फ्लेक्स लागलेत. त्यावर सगळे खेळाडू हाताची घडी घालून असे रागाने बघतायत, जणू कुणी त्यांच्या जागेवर गाडी लावली आहे. तुम्ही असतात तर फ्लेक्ससमोर थांबून एकच वाक्य बोलला असतात आणि आपण आत गेलो असतो. ते वाक्य काय असतं याचा मी काल बराच वेळ विचार केला. सुचलं नाही.

आपल्या स्टँडमधल्या मंडळींनी ठरवलंय की पहिल्या सामन्याला तुमच्याबद्दल लिहिलेलं पान सगळ्यांना वाटायचं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. का, तर मी तुमच्या सगळ्यात जवळचा. जवळ बसायचो, हे खरं आहे. मी म्हटलं, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मला कशाला सांगता. तर म्हणाले, चार चांगले शब्द लिहा, बाकी आम्ही नीट करून घेतो. चांगल्या शब्दांचीच तर अडचण झाली होती, काकू. तुम्ही जाता जाता दोन चांगले शब्द बोलून गेलात आणि माझी झोप उडाली.

तुम्ही माझ्याशी पहिल्यांदा बोललात ते अजिबात चांगलं नव्हतं, म्हणून ते मला लगेच पटलं होतं. मी मार्केट यार्डातून केळ्यांचे क्रेट घेऊन आलो होतो. टीमच्या स्वयंपाकघराला आमच्याच गाळ्यावरून फळं जायची. क्रेट उतरवले, आतून चेंडूचा आवाज येत होता म्हणून दारातून डोकावलो, तो तिथेच उभा राहिलो. एवढी उंच माणसं एवढी हलकी कशी पळतात, मला कळेना. मागून आवाज आला, "अहो, तुम्ही काचेचे आहात का?"

वळून बघितलं तर साडीवर खेळाचे बूट घातलेल्या तुम्ही. मी म्हटलं, नाही जी.

"मग बसा. आम्हाला तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नाहीये."

तोवर मला पुण्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं. यार्डात मी 'ए टेम्पो' होतो. तुम्ही रागावलात तेही अहो म्हणून. मी बसलो. बाहेर टेम्पो चुकीच्या जागी लावला होता, कुणीतरी त्याच्या दोन चाकांची हवा सोडली, तरी मी सामना संपेपर्यंत बसलो.

मग दर उन्हाळ्यात सराव सामने सुरू झाले की मी त्या दिवशीची कोथरूडची खेप मागून घ्यायचो, म्हणजे उतरवून सरळ हॉलवर येता येईल. सीझनमधले सामने तर कुणीही बघतो. लाईट असतात, गाणी असतात, निवेदक ओरडत असतो. सराव सामन्याला अर्धा हॉल अंधारात, खेळाडूंच्या अंगावर नंबर नसलेले बनियन, पंच शिट्टी वाजवायला कंटाळलेले. तुम्हाला तेच आवडायचं. तुम्ही म्हणायचात, स्वयंपाक बघायचा असेल तर पंगतीला बसून चालत नाही, मुदपाकखान्यात जावं लागतं.

तिथे तुमचे कायदे होते. टाळी नाही. गुणफलकाकडे बघणं नाही. आणि आशेचं काही बोलायचं नाही. सामना संपला की फाटकासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि प्रत्येकाने आपला एक संशय सांगायचा. आशा सीझनसाठी ठेवा, आत्ता संशय काढा, असं तुम्ही सगळ्यांना बजावायचात. कुणी नवखा "यंदा कप आपलाच" म्हणाला तर तुम्ही त्याच्याकडे असं बघायचात की बिचारा उरलेला चहा पाठ फिरवून प्यायचा.

आणि किती गोष्टींचा संशय यायचा आपल्याला. टीमने मोबाईलवर टाकलेल्या रील्सचा, कारण रीलमध्ये चेंडू नेहमी आतच जातो. सरावात सारखा हसणाऱ्या कोचचा. आपल्या पॉइंट गार्डचा, ज्याचं नाव तुम्ही पोस्टमन ठेवलं होतं, कारण तो पास रोज देतो पण पत्ता चुकवतो. आणि सगळ्यात जास्त 'खबरदारी' या शब्दाचा. अमुक खेळाडूला खबरदारी म्हणून विश्रांती, असं टीमने कळवलं की तुम्ही कप खाली ठेवायचात. खबरदारी म्हणजे व्हायचं ते होऊन गेलंय, हे तुमचं मत.

मला हे सगळं पटकन जमलं. संशयात मी मुळातच पुढे. भंडाऱ्याकडचा माणूस, बायको-मुलगी गावी. घरून अवेळी फोन आला की उचलायच्या आधी कोण गेलं असेल ते मनात येतं. गाळ्याचा मालक हसून बोलला की वाटतं, आता कामावरून काढणार. खोलीवर शेजाऱ्याने भाजी आणून दिली तर ती खाताना मी विचार करत असतो, याला काय पाहिजे असेल. माझी बायको म्हणते, हा आजार आहे. तुम्ही त्या आजाराला काम दिलंत. "हटवार, तुमचा संशय दर्जेदार आहे. त्याला फक्त वळण नाही," असं एकदा म्हणालात. याहून जास्त कौतुक तुम्ही माझं कधी केलं नाहीत आणि मला त्याहून जास्त नकोही होतं. तुम्ही कौतुक करत नाही, याचाच मोठा आधार होता. एवढ्या मोठ्या शहरात एक तरी माणूस असं होतं की जे गोड बोलून मला फसवणार नाही.

म्हणून सांगतो, यंदा तुम्ही मला फार घाबरवलंत.

यंदा टीमने सेंटरला खेळणारा नवा खेळाडू आणला. दारातून वाकून आत येणारा. तुम्ही पहिल्याच दिवशी त्याला खांब नाव दिलंत आणि म्हणालात, उभा तर बरा राहतो. सगळं नेहमीसारखं होतं. दुसऱ्या सराव सामन्याला तुम्ही आला नाहीत. तुमचा मेसेज आला, 'खबरदारी म्हणून घरी.' मी तो वाचला आणि मोबाईल उलटा करून ठेवला. तुमच्याच शब्दाचा अर्थ तुम्हीच मला शिकवलेला, आणि तो लावायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या सामन्याला तुम्ही रिक्षाने आलात. बूट नव्हते, चपला होत्या. चेहऱ्याचा रंग उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणालात, उन्हाळा आहे, कुणाचा चढलाय? दुसऱ्या सत्रात खांबाने दोघांना पाठीवर घेऊन वळत एक चेंडू असा अलगद टाकला की जाळीचा तेवढा आवाज झाला. तुम्ही म्हणालात, "चांगला आहे हो हा."

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. मी म्हटलं, काकू, सराव सामना आहे.

"असू दे ना."

मी म्हटलं, तो उडी मारल्यावर डाव्या पायावर येत नाही, बघा, जपून राहिला तो पाय. तुम्ही म्हणालात, तुम्ही फार संशयी झालात. मी म्हटलं, तुम्हीच केलं. त्यावर तुम्ही हसलात आणि टाळी वाजवलीत, काकू. सराव सामन्यात. पुढच्या रांगेतले दोघे मागे वळून बघायला लागले.

टपरीवर तुम्ही चहाही चांगला झालाय म्हणालात. चहावाल्यानेसुद्धा मान वर करून बघितलं. त्या दिवशी मी माझ्या आचलचा व्हिडिओ दाखवला. दाखवायचा नव्हता, तुम्हीच म्हणालात, त्या दिवशी कसला तो बघत होतात, दाखवा. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी लाकडी वाशाला लोखंडी कडं ठोकलंय, जाळी नाही काही नाही, त्यात ती चेंडू टाकते. वयाच्या मानाने फार उंच, म्हणून वर्गात मागे बसते आणि कुणाशी बोलत नाही. तुम्ही चष्मा कपाळावर नेऊन व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितलात. मला पाठवून ठेवा म्हणालात. मग म्हणालात, "हात चांगला आहे. आणा तिला इकडे."

तुम्ही मुलींना खेळ शिकवायचात तेव्हा तुमच्या हाताखाली खेळून कोच झालेल्या शैलजाताई कोथरूडला आहेत, त्यांच्याकडे बाहेरगावच्या मुलींसाठी खोली आहे, शाळा समोरच, हे सगळं तुम्ही मला समजावून सांगितलंत. मी घरी फोन केला. आचलची आई आधी रडली, मग म्हणाली, काकू म्हणतात तर होईल. काकू कधी उगाच बोलत नाहीत, हे मीच तिला वर्षानुवर्षं सांगत आलेलो.

मग तुम्ही गेलात. सीझन सुरू व्हायच्या आत.

दिवसकार्य झाल्यावर मी तुमच्या सुनेला, मेधाताईंना, भेटायला आलो. पेटीभर आंबे आणले होते, ते दारातच ठेवून निघणार होतो, त्यांनी आत बोलावलं. त्या म्हणाल्या, आईंना आधीपासून सगळं माहीत होतं. टीमचे सराव सुरू व्हायच्याही आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं. कुणाला कळवायचं नाही, असा हुकूम होता. मेधाताईंनी विचारलं होतं, अशा अंगाने त्या हॉलमध्ये कशाला जाता, नुसते सराव सामने तर आहेत. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "यंदा माझा सीझन हाच."

मी तुमचा जिना उतरलो आणि मला खाली टेम्पो कुठे लावलाय ते आठवेना.

तुम्ही गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगतो, त्या जिन्यावर दुःखाच्या वर संशय आला. ज्या माणसाला माहीत आहे की आपण आता चाललो, त्याला सगळंच चांगलं दिसतं. खांब चांगला दिसतो, पाणचट चहा चांगला दिसतो, मग फळवाल्या टेम्पोच्या पोरीचा हात का चांगला दिसणार नाही? तुम्ही खेळ बघून बोललात की निरोप घेताना बोललात? दुसरं असेल तर मी काय करायला निघालो होतो? आचल आता आठवीत जाईल. तिला इकडे आणायची म्हणजे शाळेतून दाखला काढायचा. मी आठवीत माझा दाखला काढला होता, नागपूरला काकाकडे राहून शिकणार म्हणून. तो दाखला दुसऱ्या कुठल्या शाळेत जमा झालाच नाही. आईने तो पत्र्याच्या पेटीत ठेवला, अजून तिथेच आहे. दाखला काढणं सोपं असतं, काकू. मला त्याचीच भीती वाटते.

तुम्हाला विचारायची सोय राहिली नव्हती. तपासायला एकच गोष्ट उरली, खांब. तुम्ही दोन कौतुकं एकाच संध्याकाळी केली होती. त्यातलं एक खरं निघालं तर दुसरंही खरं. खांब धड खेळला तर आचलचा दाखला काढायचा. हे कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं, तुम्ही सोडून.

म्हणून काल गेलो. जन्मात पहिल्यांदा मी सराव सामन्याला आशा घेऊन बसलो होतो. माझा संशय खोटा निघावा, त्याचा डावा पाय चांगला असावा, मी मूर्ख ठरावं, एवढंच मनात होतं. तुमच्या जागेवर मंडळींनी कुणाला बसू दिलं नव्हतं. तिथे मी माझी पाण्याची बाटली ठेवली आणि लगेच उचलली, बरं वाटेना.

खांब खेळलाच नाही. साध्या कपड्यांत बेंचवर बसला होता. टीमच्या माणसाने सांगितलं, खबरदारी म्हणून.

टपरीवर मंडळी म्हणाली, हटवार, तुम्ही बरोबर होतात की. पाठ थोपटली. मी चहा घेतला नाही. इतकं वाईट मला बरोबर निघाल्याचं कधी वाटलं नव्हतं.

आज सकाळी शैलजाताईंकडे गेलो, नाही सांगायला. वाक्य पाठ केलं होतं: यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. मैदानावर मुली एका रांगेत चेंडू घेऊन पळत होत्या. शैलजाताई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "एकटेच आलात म्हणजे नाही म्हणायला आलात. काकू म्हणाल्याच होत्या."

माझं पाठ केलेलं वाक्य तिथेच गेलं. मी सरळ विचारलं, काकूंनी ते मनापासून सांगितलं होतं का, की त्यांची तब्येत तशी होती म्हणून.

त्या शिट्टी हातात धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, मनापासून? अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांनी मला तो व्हिडिओ पाठवला आणि मग फोन करून माझा चहा थंड होईपर्यंत तक्रारी केल्या. डावा हात नुसता लोंबकळतो म्हणाल्या. उंच आहे म्हणून आळशी झाली आहे, गुडघे वाकवायचे कष्ट घेत नाही. कड्यावर आपटून नशिबाने आत गेलेल्या चेंडूवरही हसते, ते हसणं पहिल्या आठवड्यात बंद करा. आणि बापाला यातलं काही सांगू नका, तो घाबरट आहे, दाखला काढायच्या आधीच परत ठेवेल.

मी विचारलं, चांगलं काही म्हणाल्या का?

"नाही. खोलीच्या दाराला आतून कडी आहे का ते विचारलं, आणि संडास किती लांब आहे ते." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही वाटतं. ज्या मुलीत काही नसेल तिला काकू गोड आहे म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. अशा गोड मुली मी पुष्कळ परत पाठवल्यात."

काकू, मी तिथेच मैदानाच्या कठड्यावर बसलो. तुम्ही माझ्या मुलीची एवढी उणी काढलीत हे ऐकून मला जे बरं वाटलं, ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. आचलच्या आईला सांगितलं तर तिला वाटेल मला ऊन लागलं. पण तुम्ही शेवटपर्यंत बघत होतात. उतरल्या रंगाने, चपला घालून, दोन मिनिटांच्या व्हिडिओत तिचा डावा हात बघितलात. तुम्ही निरोप घेत नव्हतात. निदान फक्त निरोप घेत नव्हतात.

मग माझ्या तोंडावर मात्र चांगलं का बोललात, हे मी आता विचारणार नाही. उत्तर थोडं थोडं कळतंय आणि ते पुरतं मला. माझा घाबरटपणा ओसरायची वाट बघायला तुमच्याकडे वेळ नसावा. पण आजाराचं सांगितलं नाहीत, याचा राग आहे, तो राहील. तिसऱ्या सामन्यानंतर रिक्षाऐवजी मी तुम्हाला टेम्पोने घरी सोडलं असतं. पुढे बसायला जागा होती. मीही विचारलं नाही, तुम्हीही बोलला नाहीत, आपण दोघं खेळाडूंच्या गुडघ्यांवर बोलत बसलो. आणि खांबाचं म्हणाल तर ते मला अजूनही पटलेलं नाही. त्याचा डावा पाय दुखतोय. तुम्हालाही दिसला असणार. आता तर मला संशय आहे की त्याच्याही तक्रारी तुम्ही कुणाला तरी फोन करून सांगितल्या असतील.

दुपारी घरी फोन लावला. आचलनेच उचलला. मी म्हटलं, दाखल्याचा अर्ज उद्या गुरुजींना दे, आईला घेऊन जा. तिने हळूच विचारलं, "काकू माझ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या?"

आतापर्यंत मी तिला एवढंच सांगितलं होतं की हात चांगला आहे म्हणाल्या. आज म्हटलं, काकू म्हणाल्या, डावा हात काही कामाचा नाही. नुसता लोंबकळतो.

मला वाटलं ती रडेल. मीच घाबरलो, सांगायला नको होतं असं झालं. फोन कुठेतरी ठेवल्याचा खडखडाट झाला. तिची आई लांबून काहीतरी ओरडली. मग अंगणातून टप्पा ऐकू यायला लागला. एक पडला, मग बराच वेळ काही नाही, बहुतेक चेंडू निसटला होता. पुन्हा एक. मग दोन, एकमेकांत अडखळलेले. मी फोन कानाला लावून यार्डाच्या फाटकात उभा होतो, मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

फार वाईट टप्पा होता, काकू.